धक्क्यावरचा माणूस

उद्या सकाळी तुम्हाला बोटीवर जायचंय, म्हणून हे आज रात्रीच सांगून ठेवतो. नंतर म्हणू नका, मामानं सांगितलं नाही. आणि तो दिवा राहू दे. मला भीती वाटते म्हणून नाही, तुमची तोंडं दिसायला हवीत.

ही गोष्ट माझ्या मित्राची. गाड्यांची, बोटींची सीटं शिवतो, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. मी अधूनमधून पदरचं घालून सांगतो हे तुम्हाला माहीत आहे. यात एक अक्षरही घातलेलं नाही. घालायला जागाच नव्हती.

गेल्या नोव्हेंबरातला तिसरा शनिवार. मास्तर सकाळी एक गादी काखेत घेऊन मरिनावर गेला. मरिना म्हणजे नदीच्या कडेला बोटी लावायची जागा. तरंगते धक्के, त्यांना लोखंडी खुंट्या आणि खुंट्यांना बांधलेल्या बोटी. गादी त्याच्या साडूच्या बोटीची होती, सुकाणूच्या चाकापुढच्या सीटवरची. बाकीची सगळी सीटं मास्तरनंच महिनाभर बसून निळ्या रेक्झिनमध्ये शिवली होती. हा शेवटचा नग.

साडू दातांचा डॉक्टर. मास्तरच्या बायकोची थोरली बहीण त्याच्याकडे. म्हणजे घरात काहीही आलं की आधी ताईकडे यायचं आणि मग वहिनींच्या, म्हणजे मास्तरच्या बायकोच्या, तोंडून मास्तरच्या कानावर. मास्तरला त्याची सवय होती. पण बोट...

"बोट काय चाटायचीये त्याला?" मला म्हणाला होता. "दिवसभर लोकांच्या तोंडात बघतो, त्याला नदी काय कळणार?"

मी म्हटलं, "तुला कळते?"

तर म्हणाला, "मी निदान तिची सीटं शिवलीत."

तर त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, गादी आणलीच आहेस तर चला सगळे, फिरून येऊ. दोघी बहिणी, दोघे साडू. दिवस मात्र फार सुंदर गेला. मास्तरही कबूल करतो, दात-ओठ खात का होईना. बोट संथ चालली होती. दोन पुलांखालून गेले. पुलाखाली आवाज घुमतो म्हणून दोघी बहिणी लहान पोरींसारख्या हाका मारत होत्या. घरांच्या मागच्या बाजू पाहिल्या, वाळत घातलेले कपडे, पाण्यापर्यंत आलेल्या पायऱ्या. एका बंद पडलेल्या बोट-कारखान्यापाशी उतरून तासभर हिंडले. दुपारी काठच्या झाडांच्या सावलीतून जाताना फ्लास्कमधला चहा घेतला. डॉक्टर एका हातानं चाक धरून दुसऱ्या हातानं चहा ओतत होते, आणि सांडत नव्हते. मास्तरला हेच सहन झालं नाही. सांडला असता तर तो दिवस त्याला गोड गेला असता.

आणि मग वहिनी म्हणाल्या, "ताई, तुझी मजा आहे बाई."

एवढंच. पण नव्या शर्टात टाचणी राहून जावी तसं ते वाक्य मास्तरच्या पाठीत उरलेला दिवस टोचत राहिलं.

वाटेत मास्तरनं विचारलं, "ही घेतलीत कुणाकडून?"

"एका बाईंकडून," डॉक्टर म्हणाले. "नवरा गेला त्यांचा. रात्री बोटीवरून धक्क्यावर पाय टाकताना मधल्या फटीत पडला. जीव होता म्हणे बोटीवर. बायकोलासुद्धा चाकाला हात लावू द्यायचा नाही. बाई म्हणाल्या, आधी न्या हिला इथून."

"बघा," ताई म्हणाल्या, "मला निदान पुसायला तरी देतात."

सगळे हसले. मास्तर हसला नाही. त्याला वाटलं, त्या माणसाचं बरोबर होतं. अशी वस्तू दुसऱ्याच्या हातात द्यायचीच नसते.

आता इथली एक पद्धत सांगतो, नीट ऐका. बोट धक्क्याला येते तेव्हा पुढं उभा असलेला दोर फेकतो. धक्क्यावर जो कोणी असेल त्यानं तो झेलायचा, खुंटीला गुंडाळायचा. ओळख असो, नसो. आणि मग बोटवाल्यानं म्हणायचं, या वर, चहा घ्या. ते म्हटल्याशिवाय दुसऱ्याच्या बोटीत कोणी पाय टाकत नाही. सख्खा भाऊ असला तरी धक्क्यावर उभा राहतो.

डॉक्टर मात्र कुणालाच "या" म्हणायचे नाहीत. दोर झेलला की थँक्यू, विषय संपला. माणूस तसा वाईट नाही, पण पायपुसण्यावर डाग पडलेला चालत नाही त्याला.

संध्याकाळी परत आले तेव्हा अंधार नुकताच उतरला होता. मास्तर दोर घेऊन पुढं उभा. धक्क्याच्या टोकाला एकजण. राखाडी स्वेटर, हात पुढं केलेले.

"हा कोण?" मास्तरनं विचारलं.

"असतो रोज," डॉक्टर म्हणाले. "दोर झेलतो. इथलाच कामगार असेल."

मास्तरनं दोर फेकला. त्यानं झेलला, अगदी सराईतपणे, वर न बघता.

बायका उतरून हॉटेलाकडे गेल्या. डॉक्टर गाडी आणायला निघाले. गाडी लांब, फाटकापलीकडे. जाता जाता म्हणाले, "मास्तर, तेवढी कव्हरं घाला. तुमचंच काम ते."

तुमचंच काम.

मास्तर एकटा राहिला. कव्हर हातात. तो माणूस तिथंच उभा होता, बोटीकडं बघत.

"छान ठेवलीये," तो म्हणाला.

आता काय बोलायचं? नाही हो, साडूची आहे, मी सीटं शिवतो? दिवसभर तेच तर चाललं होतं. मास्तर म्हणतो, तोंडातून निघून गेलं.

"आपलीच आहे. या ना वर."

भाची म्हणाली, "मामा, नको."

मी काय करू? त्यानं बोलावलं. मी नाही.

तो माणूस वर आला. चांगला भरलेला माणूस होता. पण बोट... हलली नाही. तुम्ही उद्या चढाल तेव्हा बघा, लहान मूल चढलं तरी हलते. ही हलली नाही.

तो चाकापुढच्या सीटवर बसला. गादीवरून हात फिरवला.

"तांबडं होतं."

"आता निळं केलं," मास्तर म्हणाला. "मीच शिवलंय."

"तुमची बोट?"

"हो."

त्यानं चाक हळूच इकडून तिकडं फिरवलं. पाण्याचा आवाज येत नव्हता. मास्तरच्या लक्षात आलं, मघापासून येत नव्हता.

"म्हणजे विकली तिनं..."

मास्तरच्या हातातलं कव्हर खाली पडलं.

"मला विचारलंसुद्धा नाही," तो माणूस म्हणाला. आवाज रागाचा नव्हता. त्यापेक्षा वाईट. मास्तरला तो आवाज ओळखीचा वाटला. दिवसभर तोच तर त्याच्या पोटात बोलत होता.

मास्तरनं धक्क्याकडं बघितलं. धक्का वीतभर लांब होता. मग हातभर. मग...

दोर खुंटीला नव्हताच. त्या माणसाच्या मांडीवर होता. गुंडाळून ठेवलेला.

तेवढ्यात धक्क्यावर पावलं वाजली. टॉर्चचा उजेड. डॉक्टर.

"अहो मास्तर, कुठं निघालात?"

ते धक्क्याच्या अगदी कडेला आले. वाकले. हात लांब केला. पायाखाली काळं पाणी.

तो माणूस सीटवरून उठला. सावकाश. डॉक्टरांकडं बघितलं.

"हा कोण?"

मास्तरनं वाकून कव्हर उचललं.

"हा कोण?"

एक शब्द. मालक. एवढाच शब्द म्हणायचा होता. म्हटला असता तर मास्तर सुटला असता. खोटंही नव्हतं ते. आणि दिवसभर त्यानं मनात काय काय म्हटलं होतं डॉक्टरांना...

"हा?" मास्तर म्हणाला. "हा... कामाला आहे माझ्याकडं. बोट माझी."

तो माणूस डॉक्टरांकडं बघायचा थांबला. मास्तरकडं वळला. बघत राहिला.

बघत राहिला...

मग बोट आपोआप धक्क्याला लागली. हलकेच. दोर सीटवर पडला होता. सीट रिकामी.

"कुणाशी बोलत होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुणाशी नाही."

"आणि मला कामाला ठेवलंत ते?"

उतरताना मास्तरनं डॉक्टरांचा हात धरला, आणि फाटकापर्यंत सोडला नाही. दोन्ही बहिणींना फार नवल वाटलं.

"म्हणजे वाचवलं त्यांनी साडूला," भाचा म्हणाला.

वाचवलं म्हण. मीही तेच म्हणालो मास्तरला. तर खाली मान घालून म्हणाला, "वाचवायचं नंतर सुचलं रे. तेव्हा एवढंच वाटलं, आत्ता 'डॉक्टरांची' म्हटलं की ही बोट माझ्या हातून गेली. सोडवेना."

त्यानंतर तो धक्क्यावरचा माणूस कुणाला दिसला नाही. डॉक्टर वैतागले होते, आता दोर झेलायला कुणी नसतं म्हणून. महिनाभर सगळं ठीक होतं. मास्तर बोटीचं नाव काढत नव्हता. वहिनी मला म्हणाल्या, भाऊजी, ह्यांना काय झालंय, ताईचं कौतुक केलं तरी चिडत नाहीत.

मग एका सकाळी दोघं बाजारात निघाले. मास्तरनं स्कूटर काढली, बसला, वहिनींची वाट बघत थांबला. पाऊस नव्हता. नदी तिथून चार मैल. वहिनींनी पिशवी खांद्याला अडकवली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, बसायला गेल्या आणि थबकल्या.

"अहो, पुढं सरका की. जागाच नाहीये."

मास्तर पार हँडलला चिकटून बसला होता. त्यानं मागं वळून बघितलं. वहिनी अजून खाली उभ्या होत्या. आणि मागच्या सीटचा फोम... त्यानं स्वतः भरलेला, कडक फोम... खोल दबलेला. ओला.