बारावा प्रवासी

"एरनजर, थांब! ती गादी गुंडाळू नकोस!" बीबीनाज लोकरी तंबूच्या दारातूनच ओरडली.

धाकटा भाऊ वैतागला. "ताई, अकरा झाल्या, ही शेवटची!"

"अरे, हिच्यावर कोणी झोपलेलंच नाही! रजईची घडीसुद्धा मोडलेली नाही!"

समरकंदच्या पर्यटकांची बस पहाटेच निघून गेली होती. किझिलकुमच्या वाळवंटात आता वाऱ्याशिवाय कोणी नव्हतं. मैत्रिणी सुट्टीसाठी नुकूस शहरात गेल्यापासून बीबीनाजला ही शांतता खायला उठायची. पाहुणे बाबांच्या तंबूंत मुक्कामाला यायचे, हसायचे, सकाळी निघून जायचे.

तिने बाबांच्या फोनवरून गाइडला गाठलं. "शेरझोदकाका, तुमचं एक माणूस मागे राहिलंय!"

"छे गं! बारा डोकी मोजून घेतलीत. जा, खेळ जा!"

"ड्रायव्हर धरून बारा, की सोडून?"

पलीकडून पुन्हा डोकी मोजल्याचं पुटपुटणं. मग एकदम, "अरे देवा! वळव रे गाडी!"

पण बस येईपर्यंत भावंडं थांबली नाहीत. पाहुणे बघायला जात त्या लांबच्या टेकडीवरच्या पडक्या किल्ल्याच्या चढावर पावलांचे आणि काठीचे ठसे होते. वर गेलेले, खाली आलेले नव्हते!

ढासळलेल्या तटाआड एक म्हातारे आजोबा अंग चोरून बसले होते. घोटा टम्म सुजलेला, ओठ थंडीने काळेनिळे.

"एरनजर, पळ! बाबांना घेऊन ये!" बीबीनाजने अंगातला कोट काढून त्यांना गुंडाळला. "आजोबा, हाक नाही मारलीत?"

"मारली की! घसा बसेपर्यंत मारली." त्यांचा आवाज जेमतेम फुटत होता. "बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामीच असते, पोरी. मी नाही हे कळणार कोणाला?"

 बीबीनाज त्यांना खेटून बसली. खाली चहूकडे वाळूच वाळू होती. एवढ्या मोठ्या रात्रीत हे एकटे इथे!

बाबांनी आजोबांना पाठीवरून खाली आणलं, गरम चहा पाजला. तेवढ्यात बस परतली.

"चूक माझीच," शेरझोद मान खाली घालून म्हणाला. "पोरी, तू होतीस म्हणून बरं!"

"शाब्बास!" बाबांनी दोघांच्या पाठी थोपटल्या.

प्रवासी एकेक करून उतरले, आजोबांभोवती घुटमळले. शेवटी एक बाई त्यांच्या शेजारी टेकल्या.

"माफ करा हं," त्या संकोचून म्हणाल्या, "तीन दिवस सोबत आहोत, पण तुमचं नाव काय?"