निझव्याची पाहुणी

आरती झाली, प्रसाद हातावर पडला, तरी घरी जायचं सोडून तुम्ही पोरं या पायरीवर रेंगाळलात ती गोष्टीसाठीच. बसा तर मग. मात्र अर्ध्यावरून कोणी उठायचं नाही. ज्यांच्यावर हे गुदरलं ते जनार्दनपंत मुणगेकर याच दार्सैतचे, या देवळापासून हाकेच्या अंतरावर राहणारे. एका बांधकाम कंपनीचं भांडार सांभाळत आणि सायंकाळी याच सभामंडपात टाळ धरून उभे राहत. त्यांच्या तोंडून संतांचे अभंग ऐकताना अरबस्तानातल्या या उघड्याबोडक्या डोंगरांनाही इंद्रायणीचा ओलावा सुटावा, असा त्यांचा गळा होता.

सन एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. फाल्गुनातला शेवटचा गुरुवार. गुरुवार-शुक्रवार सुट्टी, म्हणून पंतांनी निझव्याला जाऊन एक रात्र राहायचं ठरवलं. निमित्त साधंच होतं. सून कल्पना सातव्या महिन्यात होती आणि तिच्या डोहाळजेवणाला चांदीचा करंडा हवा होता. निझव्याचा बाजार जुना, तिथली चांदी नामांकित. पण करंड्यामागे दुसरी गोष्ट होती, ती घरात कोणी उच्चारत नसे. याआधी दोनदा त्या मुलीची कूस रिकामी झाली होती. मुलगा तेलाच्या विहिरींवर, दूर वाळवंटात. सुनेला आणि तिच्या पोटातल्या जिवाला सांभाळण्याचा भार पंतांनी आपल्या शिरावर घेतला होता. रोजची पूजा आटोपली की ते देवाजवळ एकच मागत, हे बाळ पदरात पडू दे.

पंतांच्या पत्नी वासंतीबाईंना हा प्रवास मान्य नव्हता.

"करंडा काय इथं रुवीच्या बाजारात मिळत नाही? सातव्या महिन्यात सुनेला निझव्याचा किल्ला दाखवायची हौस आलीय यांना."

"आई, डॉक्टर हो म्हणालेत," कल्पना म्हणाली. "आणि चार भिंती बघून मीच कंटाळलेय. बाबांना नका बोलू."

गाडी अलीमियाँची. माणूस हर्णैचा, पंतांचा शेजारी. तो हसून म्हणाला, "काकी, रस्ता असा आहे की चहाचा पेला टपावर ठेवा, सांडणार नाय."

"आणि सांडला तर?"

"तर पेला तुमचा, गाडी अर्बाबची. माझं काय गेलं?"

वासंतीबाईंना हसू आलं आणि गाडी निघाली.

अलीमियाँच्या अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, निझव्याच्या जुन्या वस्तीत मातीचं घर होतं. मालक नव्या बंगल्यात राहायला गेलेला, म्हणून किल्ली अलीमियाँच्या खिशात असे. हातभर जाड भिंती, खजुराच्या खोडांचं छत, भिंतीत कोनाडे, दिव्याला एक पिवळा बल्ब. बाहेरच्या खोलीला लागून आतली खोली, मधे दार नव्हतं, नुसता पडदा. बाजार झाला, करंडा मनासारखा मिळाला. दिवस कलला तेव्हा बायका आतल्या खोलीत पाठ टेकायला गेल्या आणि पंत एकटेच खजुरीच्या बागांमागून फिरायला निघाले.

तिथं डोंगरातून आणलेला पाण्याचा पाट वाहतो, त्याला फलज म्हणतात. त्याच आठवड्यात मोठा पाऊस होऊन गेला होता. पाटावरचा उतार धुपून दगडगोटे खाली आले होते. पंतांनी पाटात हातपाय धुतले आणि समोर पाहिलं. काठाच्या चिखलात एक दगड आडवा पडला होता. काळाभोर, गुळगुळीत, वरून गोलसर. जणू घडवलेली पिंडी.

पंतांना आठवलं, आज वद्य चतुर्दशी. दर महिन्याला येते ती शिवरात्र. परक्या मुलखात, वाहत्या पाण्याकाठी, शिवरात्रीच्या सांजेला महादेव आपण होऊन पुढ्यात येतो, याहून मोठी कृपा कोणती? बाळासाठी घातलेलं साकडं पोहोचलं म्हणायचं. त्यांनी तो दगड एका हातानं उचलला, धुतला, उपरण्यात गुंडाळला. मावळत्या उजेडात वर, उतारावर, आणखी दगड उभे होते. त्यांच्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

रात्री जेवणं झाली. बायका आत निजल्या. अलीमियाँ अंगणात खाटेवर पडला. पंत जागे राहिले. शिवरात्रीची पूजा मध्यरात्रीची असते. त्यांनी पिशवीतून ताम्हन, पळी-पंचपात्र, गंध, अक्षता काढल्या. दगड ताम्हनात ठेवला. निरांजन लावलं आणि बल्ब मालवला.

पोरांनो, पूजेचा एक क्रम असतो, तो ध्यानात घ्या. देवाला आपण घरी आलेल्या पाहुण्यासारखं वागवतो. आधी आवाहन, म्हणजे ये. मग आसन, म्हणजे बैस. मग पाय धुवायला पाणी, मग स्नान, मग जेवण. आणि सगळं झाल्यावर निरोप. निरोप दिल्यावाचून पाहुणा जात नाही.

पंतांनी अक्षता वाहून आवाहन केलं.

निरांजनाची ज्योत दगडाकडे वाकली. वारा नव्हता. पंतांचं मन भरून आलं.

त्यांनी आसन दिलं. शेजारी अंथरलेली खजुरीच्या पातीची चटई करकरली, कोणी टेकल्यावर करकरते तशी. वासंती उठून आली असावी, असं वाटून त्यांनी मान वळवली. चटईवर कोणी नव्हतं.

त्यांनी पाय धुवायचं पाणी घातलं. ताम्हनात उतरलेलं पाणी मातकट होतं. दगडाला चिखल राहिला असेल... त्यांनी दुसरी पळी घातली. तिसरी घातली. पंचपात्र रिकामं झालं. पाणी मातकटच राहिलं. आणि खोलीत वास पसरला. नुकत्याच खणलेल्या, खोलवरच्या मातीचा.

तरीही पंत थांबले नाहीत. मांडलेली पूजा अर्धी टाकून उठायचं नाही, हे लहानपणापासूनचं वळण. त्यांनी वाटीत दूध आणि द्रोणात खजूर ठेवले. पाण्याचं मंडल केलं. डोळे मिटून घास भरवायला हात हलवू लागले.

टक्.

काहीतरी ताम्हनाच्या काठावर पडलं होतं.

त्यांनी डोळे उघडले. काठाशी खजुराची बी होती. ओली, चोखून स्वच्छ केलेली.

संतांच्या घरी देव येऊन जेवला, हे कीर्तनात रंगून सांगताना पंतांनी कितीदा डोळे टिपले होते. स्वतः जन्मभर नैवेद्य दाखवला, पण ताटातला घास कधी उणा झाला नव्हता. आज झाला. आणि डोळ्यांत पाणी आलं नाही. अंगावर काटा आला. देव आला असता तर त्याची अशी भीती वाटली नसती. हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

मग आपण कोणाला बोलावलं...?

चटई पुन्हा करकरली. कोणी उठलं.

आतल्या खोलीचा पडदा बाजूला झाला. आणि पडला.

पंतांनी हाक मारायला तोंड उघडलं. पण सून दचकेल म्हणून मिटून घेतलं. ते भिंत धरत उठले, पडद्यापाशी गेले. तो किंचित सारला. आत निरांजनाचा पुसटसा उजेड. वासंतीबाई कडेला, भिंतीकडे तोंड करून. कल्पना कुशीवर. तिच्या पलीकडे गादीचा जो भाग मोकळा होता, तो खाली दबलेला. आणि गुणगुण. अगदी हळू. बाळाला थोपटताना बायका गुणगुणतात तशी, पण शब्द कुठल्याच भाषेचे नाहीत. कल्पना झोपेत हसत होती. तिच्या पोटावरची चादर कोणी हलकेच सारखी केली.

पंत मागे सरले. आत जाऊन काय करणार होते ते? हात कोणाचा धरणार होते? पाहुणी त्यांनीच बोलावली होती. निरोपही त्यांनीच द्यायला हवा होता. आणि इथं, दुसऱ्याच्या जागेतून तिला 'जा' म्हणून ती जाणार कुठं? तिची जागा तर तिकडं, पाटाच्या काठावर.

ते अंगणात धावले. अलीमियाँला हलवून उठवलं.

"काका? काय झालं? वैनींना...?"

"ऊठ. बॅटरी घे. पाटावर जायचंय."

"आता?"

पंतांनी उघड्या दारातून निरांजनापुढचं ताम्हन दाखवलं. अलीमियाँनं दगड पाहिला, वरच्या गंध-अक्षता पाहिल्या. "हे कुठून उचललंव?" पंतांनी पाटाकडे मान वळवली.  खाटेवरून उतरताना त्याचे पाय चपलेत शिरेनात.

सांजेला एका हातात आलेला तो दगड आता दोघांनी आत जाऊन मिळून उचलला. उंबरठ्याबाहेर पडले. पंतांनी कान मागे ठेवला होता. आता गुणगुण थांबेल... आता ती दगडामागून येईल...

थांबली नाही. आत चालूच होती.

तिला घरात ठेवून, सुनेला तिच्या कुशीत ठेवून, तिचा दगड घेऊन दोघे अंधारात, दर चार पावलांवर तो टेकवत, चालू लागले. पंत नामस्मरण करू पाहत होते. नाम ओठांवर येई आणि पुढचा शब्द विसरे. चाळीस वर्षांचं नाम.

पाटावरच्या उतारावर अलीमियाँनं बॅटरी फिरवली. दगड. ओळीनं उभे. दोन इथं. दोन तिथं. नाव नाही, अक्षर नाही. त्या बाजूला पुरुषाच्या कबरीला दोन दगड लावतात आणि बाईच्या कबरीला तीन, असं म्हणतात. पावसानं धुपलेल्या कडेला दोन दगड उभे होते आणि त्यांच्यामधे एक ओला खड्डा. रिकामा.

अलीमियाँनं चपला काढल्या.  गुडघे टेकून हातानं माती उकरू लागला. पंतही बसले. दोघांनी मिळून दगड जागेवर उभा केला, माती दाबली. अलीमियाँनं तळहात वर धरून दुवा मागितली. मग बाजूला झाला.

पंतांनी मुठीत अक्षता घेतल्या.

"माई," ते म्हणाले, "चूक झाली. न विचारता आणलं. आलीस, बसलीस, जेवलीस. सेवेत उणं राहिलं असेल तर पोटात घाल. माझ्या घरात एक जीव दुसऱ्या जिवाला जपतोय. त्यांना सोड. आपल्या जागी जा."

आणि अक्षता टाकल्या.

आता ऐका. विसर्जनाचं जे वाक्य असतं, त्याच्या अखेरीस आपण देवाला म्हणतो, पुन्हा यावं म्हणून जा. हे वाक्य पंतांच्या जिभेवर जन्मभर घोळलेलं. त्या रात्री त्यांनी दात घट्ट आवळले. शेवटचे शब्द गिळले. निदान त्यांना तसं वाटलं.

परतताना अलीमियाँ म्हणाला, "काका, शेवटाला काय बोललात?"

"काही नाही."

"बोललात. ओठ हलले तुमचे."

पंत पावलं उचलत पुढं झाले. 

अंगणात पाऊल टाकलं तेव्हा पहाटेची बांग सुरू झाली. आतली गुणगुण थांबली होती. मातीचा वास विरला होता. वासंतीबाई डोळे चोळत बाहेर आल्या.

"रात्रभर कोण बाई गात होती हो? शेजारी कुणाकडे बाळ आहे का?"

अलीमियाँनं पंतांकडे पाहिलं. त्या वस्तीत शेजार नव्हता. सगळी घरं ओस पडलेली.

काय म्हणालीस स्नेहल? बाळाचं काय झालं? सांगतो, तेवढी काळजी करू नकोस. जून महिन्यात मुलगी झाली. सुखरूप. आता वादी कबीरच्या शाळेत जाते, आजोबांशी अडखळत मराठी बोलते आणि गाते फार गोड. कोणी शिकवलं, ते विचारायचं धाडस पंतांनी कधी केलं नाही.

पण त्या पहाटेचं एक सांगायचं राहिलं.

बांग संपल्यावर पंत पडदा सारून सुनेला पाहायला आत गेले. कल्पना गाढ झोपेत होती. श्वास संथ. चेहरा शांत. उजवा हात छातीशी, मूठ मिटलेली. पंतांनी दिवा जवळ नेला. तिची झोप चाळवली आणि मूठ आपोआप उघडली.

तळहातभर मेंदी होती. बारीक वेलबुट्टी, बोटांच्या टोकांपर्यंत. त्या घरात मेंदीचं पानही नव्हतं. पंतांनी बोट लावलं... ओली होती.

त्यांनी दुसरा हात हळूच उलटा करून पाहिला. त्या तळव्यावर फक्त एक ठिपका होता, मधोमध. बाकी हात कोरा. काढायचा राहिलेला.