नववीच्या खोलीतलं शेवटचं कार्ड

या, जरा सरकून जवळ बसा. कीर्तनात बुवा पूर्वरंग संपवून आख्यानाला हात घालतात, तेव्हा मागची माणसं आपोआप पुढे येतात, तसे या. गोष्ट ऐकवतो, आणि पदरचं काही घालणार नाही.

मी माळकरी माणूस. सप्ताहात टाळ घेऊन उभा राहणारा. खोटं सांगून मला काय मिळणार?

ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे. एक मे २०१९.

पारोळ्याहून अमळनेरला जाताना रस्त्यात एक गाव लागतं. तिथल्या हायस्कूलमध्ये मी मराठी शिकवतो. गावाचं नाव सांगत नाही, तिथे अजून पोरं शिकतात.

जानेवारीतच बोदवडहून बदली होऊन आलो होतो. माझे तास दहावीला. नववीच्या वर्गशिक्षिका आजारी पडल्या आणि निकाल वाचायचं काम माझ्याकडे आलं. पोरांची तोंडं नीट ओळखीची नव्हती.

सकाळी झेंडावंदन झालं. मी कार्डांचा गठ्ठा घेऊन निघालो, तर वनाभाऊ आडवे आले.

वनाभाऊ म्हणजे शाळेचे शिपाई. वनाभाऊ महाजन. अठ्ठावन्न वर्षांचे, सडपातळ, डोक्याला कायम रुमाल. कामापुरतं बोलणारे.

"सर, एक सांगस. निकाल वाची झाया का पोरेस्ले 'कोनं नाव राह्यनं का' आसं इचारानं नही."

"का हो भाऊ?"

"आठे नही इचारतस कोनी."

एवढंच बोलून ते निघून गेले. मला वाटलं, असेल काही जुनी रीत.

नववीची खोली सगळ्यात शेवटची. वर पत्रे. त्या दिवशी ऊन चव्वेचाळीसच्या पुढे. आत जाताना जीव घाबरा झाला होता...

पण खोली थंड होती.

माठाजवळ बसल्यावर वाटतं, तशी थंड.

मी वाचायला लागलो. आधी मुलं, मग मुली. ज्याचं नाव घेतलं तो पुढे येऊन कार्ड घेणार आणि तसाच बाहेर पळणार. नववीत नापासाचं नाव वाचत नाहीत. ते पोर बसून राहतं, आणि बसून राहिलं की सगळ्यांना कळतं. पण त्या वर्षी बेचाळीसच्या बेचाळीस पास होते. मी खुशीत एकेका नावाबरोबर दोन शब्द आशीर्वादाचे बोलत होतो.

"सर, पटपट वाचा ना. तुम्ही कीर्तनच लावलं," रोनक नावाचं एक कार्टं म्हणालं. वर्ग हसला. मीही हसलो.

एकेक करून वर्ग रिकामा झाला.

माझ्या हातात एक कार्ड उरलं.

यास्मिन जहांगीर पिंजारी.

हे नाव मी घेतलं होतं. यादीत तिच्यापुढे माझी खूण होती. मग कार्ड कसं उरलं?

मी मान वर केली. खिडकीतून ऊन थेट डोळ्यांत येत होतं, मागचं काही धड दिसत नव्हतं. आणि तोंडातून सवयीने निघून गेलं,

"कोणाचं नाव राहिलं का?"

मागच्या रांगेत...

एक हात वर झाला.

"यास्मिन ना? अगं, झोपली होतीस का? ये, पास झालीस."

ती आली. खाली मान. दोन वेण्या, लाल रिबिनी. कार्ड घेताना तिची बोटं माझ्या बोटांना लागली.

गार होती. विहिरीच्या तळाचं पाणी असतं, तशी गार.

ती बाहेर गेली. मी मागे वळून वर्ग पाहिला. कोणी नव्हतं. हे मी माळेला हात लावून सांगतो... कोणी नव्हतं.

वनाभाऊंनी कुलूप लावलं. तेव्हा साडेदहा झाले होते.

मी ऑफिसात बसून निकालपत्रक पुरं करत होतो. दोनच्या सुमाराला जहांगीरभाई आले. गावात त्यांचं गाद्या भरण्याचं दुकान. दाढीत कापूस अडकलेला, हातात पेढ्यांचा पुडा.

"सर, आमची यास्मिन कुठे बसवून ठेवली? का कीर्तन ऐकवताय तिला?"

"ती तर केव्हाच गेली. कार्ड घेऊन गेली."

त्यांचं हसू उतरलं.

"घरी नाही आली. मी सगळीकडे बघितलं. सर... काल तिला म्हणालो होतो, नापास झालीस तर शाळा बंद. रागात बोललो. ती कुठे गेली असेल?"

शाळेमागे विहीर आहे. आम्ही दोघं आधी तिकडे धावलो. पाणी शांत होतं.

परत येताना मी थांबलो.

नववीच्या पायरीवर वनाभाऊ बसले होते. उन्हात. दाराला पाठ लावून. आणि त्यांच्या मांडीवर एक कार्ड होतं.

"भाऊ, हे कार्ड कुठून आलं?"

"पायरीवर व्हतं."

यास्मिनचं कार्ड.

"भाऊ, कुलूप काढा."

ते उठेनात. हळूच म्हणाले, "सर, तुम्ही इचारं का?"

मी मान हलवली.

त्यांच्या हातातून किल्ल्यांचा जुडगा खाली पडला. जहांगीरभाईंनी तो उचलला. तिसरी किल्ली लागली.

दार उघडलं...

मागच्या रांगेत यास्मिन बसली होती.

ताठ. ओठ फुटलेले. उजवा हात वर.

तो हात खाली घ्यायला आम्हाला जोर लावावा लागला. पाणी पाजलं, डोक्यावर ओला रुमाल ठेवला. जहांगीरभाई तिला छातीशी धरून एकच वाक्य म्हणत होते, "बेटा, पास झालीस तू. पास झालीस."

पाणी पोटात गेल्यावर ती बोलली.

"सर, तुम्ही माझं नाव घेतलंच नाही."

"घेतलं गं."

"नाही घेतलं. मला वाटलं नापास झाले. मग तुम्ही विचारलं, तेव्हा मी हात वर केला. तुम्ही माझ्याकडेच बघितलं... आणि कार्ड तिला दिलं."

"कुणाला?"

"माझ्याजवळ बसली होती तिला. कुलूप लागल्यावर मी किती ओरडले, आवाज बाहेर जाईचना. ती परत माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, 'बस बई. मना बाप येई आन कुलूप उघाडी.'"

दारात वनाभाऊ उभे होते.

ते तिथेच, उंबऱ्यावर खाली बसले.

मग त्यांनी सांगितलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा, असं म्हणाले.

१९९५. हीच खोली, हाच दिवस. त्यांची मुलगी कोकिळा नववीत होती. निकाल वाचणाऱ्या गुरुजींच्या रजिस्टरची दोन पानं डिंकाने चिकटली होती. मधलं एक नाव वाचायचं राहिलं. गुरुजींनी शेवटी विचारलं, कोणाचं नाव राहिलं का? तिने हात वर केला असणार. गुरुजींची बस यायची वेळ झाली होती, ते खाली बघत निघून गेले. ती लाजेने बाकाखाली तोंड लपवून बसली असेल.

कुलूप वनाभाऊंनीच लावलं. आत न बघता.

पोर मामाकडे पारोळ्याला गेली असेल, असं घरी सगळ्यांनी धरलं होतं.

दोन दिवसांनी दार उघडलं.

माझ्या तोंडून रामकृष्ण हरी एवढंच निघालं.

"मग भाऊ, तिचं नाव नंतर कोणी वाचलं नाही?"

"नही. मीच नको म्हनं."

"का?"

"नाव घिदं तं ती निंघी जाई, सर. दरसाल मी दार लावस, पायरीवर बठस. मजारथून 'बाबा' म्हनस ती. एक सावा. तेवढंच शे मनाकडे."

वर्षातून एकदा, आतून 'बाबा' अशी एक हाक. चोवीस वर्षं ज्या गोष्टीला सगळे भीत होते, तिला हा माणूस जपून ठेवत होता.

मग जहांगीरभाई बोलले. आवाज चढवला नाही.

"वनाभाऊ, आज माझी होती. मी लवकर आलो म्हणून सापडली. पुढच्या वर्षी कोणाची असेल?"

वनाभाऊंनी डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसलं, तो खांद्यावर टाकला. उठले. ऑफिसच्या कपाटातून एक जुनं रजिस्टर आणून माझ्या हातात दिलं. शोधावं लागलं नाही त्यांना.

पानं अजून चिकटलेली होती. मी ब्लेडने हळूहळू सोडवली.

आमच्या सप्ताहाचे बुवा नेहमी सांगतात, नाम घेतलं की अडकलेला जीव सुटतो. माझा त्यावर पूर्ण विश्वास. त्याच विश्वासाने मी टेबलाजवळ उभा राहिलो आणि मोठ्याने वाचलं.

"कोकिळा वना महाजन. उत्तीर्ण."

काही झालं नाही.

मग मागच्या रांगेतला बाक किंचित सरकला...

चपला घासत कोणीतरी दोन बाकांच्या मधून आलं. माझ्यासमोर आलं. थांबलं.

मी रिकामा हात पुढे केला. कार्ड नव्हतंच माझ्याकडे.

बोटांना गार लागलं.

मग पावलं दाराकडे गेली. वनाभाऊंनी डोळे मिटले होते. त्यांच्या खांद्यावरचा रुमाल हलला. पान हलेल इतकाही वारा नव्हता.

आणि एकदम खोलीत ऊन भरलं. भट्टीचं दार उघडावं तशी धग आली. आम्ही सगळे घामाने भिजलो.

मला वाटलं, सुटली पोर. त्या संध्याकाळी अमळनेरला कीर्तनात उभा राहिलो, डोळ्यांतलं पाणी थांबेना.

पण ऐका.

जूनमध्ये शाळा भरली. दहावीचा वर्गशिक्षक मी. खोली दुसरी, नवी, सिमेंटची. हजेरी झाली. बेचाळीस पोरं, बेचाळीस आवाज.

यास्मिन शेवटच्या बाकावर एका कडेला अंग चोरून बसली होती.

"यास्मिन, नीट मधे बस ना."

ती उठून माझ्याजवळ आली. इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"सर, तुम्ही तिला पास केलं ना?"

"हो."

"मग ती कुठे जाईल?"

मी त्या बाकाकडे बघितलं. बाक रिकामा होता. पण बाहेर पाऊस नव्हता, उकाडा होता... आणि माझ्या पायाला गारवा लागत होता.

वर्षभर मी त्या वर्गात शिकवलं. काही वाईट झालं नाही. कधी कधी खडू हातातून घेतल्यासारखा सुटायचा, एवढंच.

दहावीचा निकाल बोर्डाचा. तो वर्गात कोणी वाचत नाही. २०२० साली तर शाळाही बंद होती. पोरांनी घरी मोबाईलवर आकडे बघितले. यास्मिनला अडुसष्ट टक्के मिळाले. ती आता धुळ्याला नर्सिंग करते. जहांगीरभाई दर ईदेला मला शिरखुर्मा पाठवतात.

पण कोकिळाचा निकाल बोर्डाकडून यायचा नाही. तिने परीक्षाच दिलेली नाही. आणि मी तिचं नाव घेऊन खोटं उत्तीर्ण कसं म्हणू? ज्या तोंडाने हरिनाम घेतो, त्या तोंडाने?

बुवांना विचारलं. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही तिचा निकाल वाचलात. नुसतं नाव कोणी घेतलंच नाही."

त्याचा अर्थ मला अजून पुरता लागलेला नाही.

वनाभाऊ रिटायर झालेत. तरी रोज दुपारी येतात. आता दहावीच्या पायरीवर बसतात. परवा मी विचारलं, "भाऊ, ऐकू येतं का?"

ते हसले. गेल्या पाच वर्षांत पहिल्यांदा हसताना बघितलं मी त्यांना.

"रोज येस," म्हणाले.

मला त्या रात्री झोप लागली नाही. दहावीत आता नवी पोरं आहेत. शेहेचाळीस आहेत. रोज शाळा सुटल्यावर मी एकेक मोजून बाहेर काढतो, वाकून बाकांखाली बघतो, तेव्हा कुठे दाराला हात लावतो.

माझं एक मागणं आहे. संध्याकाळी दिवा लावाल, तेव्हा एकदा तिचं नाव घ्या. पास-नापास काही जोडू नका.

कोकिळा. वनाभाऊंची कोकिळा.

एवढं लक्षात ठेवा.