रुद्राणीच्या हातचा स्वर

सुज्ञ वाचकहो, एका विद्युत गिटारीचा स्वर कसा लांबला आणि त्या स्वराने दोन अंतःकरणे कशी एकत्र आली, ती हकीकत मी यथाशक्ती निवेदन करीत आहे.

सन एकोणीसशे ब्याऐंशी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, रुद्राप्पांच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानी, गुरुसिद्ध नामक तरुण गिटारवादक अवचित येऊन उभा ठाकला. हाती साबणाच्या वडीएवढे यंत्र. ते तारेजवळ धरताच तार आपोआप गात राही... परंतु आता ते मुके झाले होते. त्याच्या ऑर्केस्ट्राचे मालक हंबीरराव यांनी बजावले होते, की रविवारी मुरगुडच्या खेळात लांब स्वर न निघाल्यास गिटारवाल्याच्या जागी क्लॅरिनेटवाला येईल.

"पावणं, आम्ही पंपाच्या मोटारी भरतो," रुद्राप्पा म्हणाले. "ह्ये खेळणं न्हाय जमायचं."

त्यांची कन्या रुद्राणी हिने यंत्र उघडले. आत तारेच्या वेटोळ्यांच्या दोन इवल्या कॉइल, दोन्ही जळलेल्या.

"जमंल," ती म्हणाली.

"नक्की?"

"तुम्ही गिटार घेतल्यावर कोण इचारतं का, नक्की वाजंल म्हणून?"

ती तिथेच कामास बसली. केसाहून बारीक तार तिच्या बोटांतून सरकू लागली — तुटे, ती पुन्हा गुंडाळी. गुरुसिद्धचे नेत्र त्या बोटांवर खिळले.

"तुम्ही बघाय लागला की तुटती. रस्त्याकडं बघा."

"रस्त्यावर काय हाय बघण्यासारखं?"

रुद्राप्पा मोठ्याने खाकरले.

शनिवारी यंत्र तयार झाले. गुरुसिद्धने तार छेडून ते जवळ नेले, तोच होता नव्हता तो स्वरही निमाला. त्याचे मुख म्लान झाले.

"ऱ्हाऊ दे. सांगतो हंबीररावांस्नी."

"थांबा की," रुद्राणी निग्रहाने म्हणाली.

मोटारीत शेजारच्या दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडाव्या लागतात. हाताच्या सवयीने तिने येथेही तसेच केले होते. तिने एकीची टोके उलटून जोडली. तार गाऊ लागली... गातच राहिली. पलीकडच्या लेथवाल्याने लेथ थांबवून कान दिला.

मुरगुडात तो स्वर असा लांबला, की हंबीररावांनी स्वतः येऊन गुरुसिद्धची पाठ थोपटली. प्रेक्षकांत रुद्राप्पांशेजारी रुद्राणी होती. खेळ संपताच गुरुसिद्धने तिला गाठले.

"पुन्हा बिघडलं तर... येऊ?"

"बिघडायची वाट कशाला बघताय? आईला घिऊन या."

"आणि... तुमचे अप्पा?"

"त्यांस्नी कालच सांगितलंय मी. म्हणाले, आधी ऐकतो. म्हणून तर आलोय दोघं."

वाचकहो, मार्गशीर्षात अक्षता पडल्या. माझे वेडेवाकुडे लेखन आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
आकाराम, मु. कोडोली