आभार कोण मानणार?

भागवत मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो एका गाईला माझी ओळख करून देत होता.

देवणी तालुक्यातल्या आमच्या गावची शाळा. पुढच्या अंगाला मांडव, मांडवात माझा सत्कार, आणि सत्कारमूर्ती मी मागच्या लिंबाखाली तोंड लपवून उभी! नैरोबीहून सुट्टीवर आले होते, पण आल्या दिवसापासून रोज कुठं ना कुठं गळ्यात हार पडत होता. अंगातली झोप अजून विमानातच राहिली होती. पाच मिनिटं कुणी मला ओळखू नये, एवढीच इच्छा होती... आणि झाडाच्या पलीकडून आवाज आला.

“...सातासमुद्रापार झेप घेणारी, या काळ्या मातीची लेक, शिष्यवृत्तीच्या बळावर—”

वाकून पाहिलं. एक ठिपक्याठिपक्यांची देवणी गाय, आणि तिच्यासमोर निळ्या शर्टातला एक तिशीचा माणूस. हातात माईकसारखी धरलेली पाण्याची बाटली. गाय शांतपणे रवंथ करत होती.

“नैरोबीला जायला एकच समुद्र लागतो,” मी म्हटलं.

तो दचकून वळला. “असंल. पण लोकांना सात लागतेत, ताई. एकावर टाळी पडत न्हाई.”

“ताई म्हणू नका.” हे माझ्या तोंडून जरा जास्तच लवकर गेलं.

“बरं, मॅडम म्हणतो. शाळेवर नवीन आलाव का? मग एक सांगा... ह्या सूर्यवंशी मॅडम नेमकं काय शिकल्यात? हेडमास्तर म्हणतेत गुराच्या डॉक्टर, सरपंच म्हणतेत शास्त्रज्ञ.”

“उदगीरला गुरांची डॉक्टरकी. मग शिष्यवृत्ती मिळाली, हॉलंडला गेल्या. देशी गाईंच्या पैदाशीवर शिकल्या. आता आफ्रिकेत तेच काम करतात.”

“आन स्वभावानं?”

“दमलेल्या.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग मांडवावरच्या फ्लेक्सकडं, जिथं माझा चेहरा नव्या नवरीसारखा गोरा करून लावला होता. मग पुन्हा माझ्याकडं... आणि त्याचे कान लाल झाले. तो गाईकडं वळला.

“सांगायचं न्हाई का गं?”

कितीतरी दिवसांनी मी पोटभर हसले.

तर हा भागवत कदम. उदगीरच्या एका कॉलेजात तासिकेवर मराठी शिकवायचा. पण सगळा मुलूख त्याला ओळखायचा तो सूत्रसंचालक म्हणून. जयंती असो, सत्कार असो, माईकवर हाच. माईक हातात आला की त्याची बोलीच बदलायची, छापील व्हायची. त्या दिवशी तो “सातासमुद्रापार” म्हणाला, थांबला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम म्हणतात एकच आहे. पण आपल्या गावातून निघालं की एकाचेसुद्धा सात होतात!” टाळ्या पडल्या. मला टाळ्यांचा कंटाळा आला होता, तरी ही टाळी आवडली.

सरपंचांनी शाल माझ्या हातात दिली. आमच्याकडं पुरुषमाणूस बाईच्या खांद्यावर शाल घालत नाही. हातात देतो, नाहीतर एखाद्या बाईंना पुढं बोलावतो. नरसिंग फोटोवाल्यानं “मॅडम, इकडं!” म्हणत फोटो काढला. मी ठरलेलं भाषण केलं. मग लोकांचा गराडा. पगार किती? तिकडं जेवायला काय? लग्नाचं काय? आमच्या पोराला मिळंल का शिष्यवृत्ती? उत्तरं देऊन देऊन जबडा दुखायला लागला.

गर्दी पांगल्यावर भागवत कागदी कपात चहा घेऊन आला. कप पुढं केला आणि हळूच विचारलं, “लई दमलाव का?”

इतक्या दिवसांत, इतक्या माणसांत, हे मला कुणीच विचारलं नव्हतं. घरच्यांनीसुद्धा नाही. डोळे पुसत मी म्हटलं, चहा फार गरम आहे.

त्यानंतर निलंगा, उदगीर, लातूर. जिथं माझा सत्कार तिथं त्याचा माईक. रात्री नरसिंग फोटो पाठवायचा. फोटोत हार, फेटे, पाहुणे, शाली... आणि कडेला निळ्या शर्टाचं एक कोपर. सूत्रसंचालक फोटोत येतच नाही, कडेला कापला जातो. ते कोपर मी बोटांनी मोठं करून पाहायला लागले होते. लातूरच्या फोटोत ते सापडेना, तेव्हा मी अंथरुणात उठून बसले. मग आठवलं, त्यानं त्या दिवशी पांढरा शर्ट घातला होता! कोपर होतं, शर्ट तेवढा वेगळा होता. आणि मला कळून चुकलं की आपलं काही खरं नाही.

त्याच लातूरच्या कार्यक्रमात अध्यक्षांचं भाषण संपता संपेना. मी डोळे उघडे ठेवायची शिकस्त करत होते. भागवतनं पुढं होऊन नम्रपणे सांगितलं, “मॅडमना पुढं दुसरा कार्यक्रम आहे.” सगळं आटोपलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, “दुसरा कार्यक्रम कुठं आहे?”

“स्टँडसमोर. उसाचा रस.”

“प्रमुख पाहुणे कोण?”

“तुम्हीच. भाषण न्हाई, हार न्हाई, फोटो न्हाई. पसंत हाय का?”

“शाल?”

“तेवढी राहिली,” तो म्हणाला आणि उगाच दुसरीकडं बघायला लागला.

रसवंतीत घुंगरं वाजत होती. तो माझ्या ग्लासातला बर्फ चमच्यानं काढून बाजूला टाकत होता. उद्या नांदेडला बोलायचं, घसा बसायला नको म्हणून. बर्फ काढता काढता म्हणाला, “एक खरं सांगा मॅडम. शिष्यवृत्तीनं नेमकं काय होतं?”

“रोज सांगते की भाषणात.”

“ते मला पाठ हाय. खरं सांगा.”

मग मी खरं सांगितलं. दार उघडतं, हे खोटं नाही. गोठ्यात वाढलेली पोरगी मी. फुकट शिकले, राहिले, जगभरातल्या लोकांशेजारी वर्गात बसले. त्यातल्याच एका मैत्रिणीनं पुढं नैरोबीला बोलावलं. तिथलं काम कुणाच्या तरी नजरेत भरलं, म्हणून आता रोमला मोठी जागा देताहेत. एका दारातून दुसरं दार. “पण भागवत, एकदा हा जिना चढायला लागलं की पुढची पायरी आपोआप पायाखाली येते. चढायचंय का, असं कुणी विचारत नाही. मीसुद्धा स्वतःला विचारलं नाही. रोमच्या त्या नोकरीत गाई नाहीत, नुसत्या बैठका आहेत. पाच वर्षं. परत गेले की लगेच हो-नाही सांगायचं आहे.”

“आन तुम्हाला काय पायजे?”

“झोप.”

“ते झालं. झोपून उठल्यावर?”

उत्तर माझ्यापाशी होतं. ते समोर बसून चमच्यानं बर्फ काढत होतं... पण बोलवेना. त्यानं चमचा खाली ठेवला. मग म्हणाला, “रोम लई मोठं हाय मॅडम. जावा तुम्ही. मी तिथंबी सांगीन सगळ्यांना, सातासमुद्रापार...”

त्याचा आवाज माईकवरचा झाला होता. मला त्याचा इतका राग आला की उरलेला रस मी तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आयोजकांची जीप आली. पुढं नरसिंग, मागं आम्ही दोघं, मधे माझ्या नारळांची पिशवी. फेब्रुवारी असला तरी पहाटेचा गारवा होता, आणि खिडकीची काच वर जात नव्हती. मी रागातच डोळे मिटले आणि कधी झोपले कळलंच नाही. जाग आली तेव्हा लोहा गाव मागं पडलं होतं. माझ्या मांडीवर त्याची शाल होती. आणि तो पातळ शर्टात, हाताची घडी घालून, दाराशी कुडकुडत बसला होता.

“खांद्यावर घालायची ना,” मी म्हटलं.

“तसा रिवाज न्हाई आपल्यात,” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. थोड्या वेळानं, अगदी हळू, “घालावी वाटली... म्हणून मांडीवर ठेवली.”

मी पुन्हा डोळे मिटून घेतले. माझी झोप मात्र पार उडाली होती.

नांदेडचं सभागृह पोरापोरींनी भरलं होतं. तिथं मी ठरलेलं भाषण केलंच नाही. म्हटलं, “शिष्यवृत्ती मिळाली तर दोन्ही हातांनी घ्या. घाबरू नका, जा. जग फार मोठं आहे आणि ते तुमचंही आहे. पण दर पायरीवर थोडं थांबा आणि स्वतःला विचारा, पुढं जायचंय का? नाहीतर एक दिवस फार वर पोचाल आणि फार दमलेले असाल. आणि दमलीस का, असं विचारणारं एक माणूस जवळ असू द्या.”

माईकच्या खांबाशी उभा असलेला भागवत खाली बघत होता.

आभार मानणारे गृहस्थ कुठल्याशा लग्नाला निघून गेले होते. तोच पुढं झाला. “यानंतर आभार प्रदर्शन...” म्हणताच खुर्च्या सरकायला लागल्या. आभार ऐकायला कोण थांबतं? मी उठले आणि त्याच्या हातातून माईक घेतला.

“आभार मी मानते.”

खुर्च्या थांबल्या. पाहुण्यांनीच आभार मानायचे, हे कुणी पाहिलं नव्हतं. मी आयोजकांचे मानले, माईकवाल्यांचे मानले. मग म्हटलं, “आणि एक माणूस आहे. तो रोज सगळ्यांची ओळख करून देतो, त्याची कुणी करून देत नाही. स्टेजवर सगळ्यांना शाल मिळते, त्याला मिळत नाही. त्यानं मला गावोगाव सातासमुद्रापार नेलं, आणि दर वेळी खाली उतरवून चहा दिला.”

मघाशी हातात मिळालेली शाल मी उलगडली आणि त्याच्या खांद्यावर घातली. हातात दिली नाही... खांद्यावर, दोन्ही बाजूंनी, नीट.

पुढच्या रांगेतल्या एक बाई “अगं बया” म्हणाल्या. नरसिंगनं धडाधड फोटो काढले.

“काय करायलाव, मॅडम?” तो पुटपुटला. माईक आमच्या मधेच होता. सगळ्यांनी ऐकलं.

“सत्कार,” मी म्हटलं.

आणि मग ज्या टाळ्या पडल्या!

बाहेर आवारात तो शाल तशीच घेऊन उभा होता. ऊन चांगलंच तापलं होतं, घामाघूम झाला होता, पण शाल काढत नव्हता.

“मी रोमला नाही म्हणणार आहे,” मी सांगितलं. “नैरोबीतच राहीन. तिथं गाई आहेत. आणि देवणी गाईंच्या कामासाठी वर्षातून थोडे महिने इकडं येऊ द्या म्हणून मागणार आहे. आजवर मी काही मागितलंच नव्हतं. देतील बहुतेक.”

“माझ्यामुळं तर न्हाई ना?” त्याचा चेहरा खरोखर घाबरला होता.

“माझ्यामुळं. तुम्ही फक्त विचारलंत.” मग धीर केला. “आता मी विचारते. उन्हाळ्यात तासिका नसतात ना तुम्हाला? पासपोर्ट आहे?”

“न्हाई.”

“काढा.”

त्यानं शालीच्या टोकानं घाम पुसला. मग म्हणाला, “तिथं मला माईक कोण देणार?”

“कुणी नाही. तिथं फक्त विचारायचं. रोज संध्याकाळी.”

“दमलाव का... म्हणून?”

“दमलीस का म्हणून. आणि आता मॅडम नको. नाव आहे मला, गावोगाव ओरडून सांगताय की.”

“सिंधु,” तो म्हणाला. माईकशिवाय, हळू. त्याच्या तोंडून माझं नाव इतक्यांदा ऐकलं होतं, पण असं कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी गावी अंगणात बाजेवर पडले होते. आई, रुक्मिणबाई, चष्मा लावून पेपर वाचत होती. बातमीतल्या शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. “‘सूत्रसंचालन प्रा. भागवत कदम यांनी केले, तर आभार डॉ. सिंधु सूर्यवंशी यांनी मानले.’” तिनं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. “आन फोटोत ह्यो शाल पांघरलेला कोण गं?”

“कोपर,” मी म्हटलं.

“काय?”

तेवढ्यात फोन वाजला. भागवतनं स्वतःचा फोटो पाठवला होता. मागं पांढरा पडदा, चेहरा गंभीर, आणि खांद्यावर तीच शाल. खाली लिहिलं होतं, ‘पासपोर्टचा फोटो. नरसिंग म्हणतो शाल काढा.’

‘काढा की,’ मी लिहिलं.

‘ज्यांनी घातली त्यांनीच यावं काढायला.’

मी बाजेवरून उठले. विमानाला अजून अवकाश होता. इतकी वर्षं प्रवास नुसता डोक्यावर येऊन पडायचा, तिकिटं कुणीतरी काढायचं, मी फक्त दमायची. आज मीच चपला शोधत होते.

“आई,” मी विचारलं, “उदगीरची एस.टी. किती वाजता आहे?”