फ्लॉपीचं आतलं नाव

दादाच्या दुकानात तेव्हा एकच कॉम्प्युटर होता, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवणारा. लोकांची कामं फ्लॉपीवर उतरवून द्यायची आणि प्रत्येक फ्लॉपीला आतून नाव द्यायचं, हा दादाचा लाडका उद्योग. अकरा अक्षरांत मावेल तेवढंच नाव; लिपी इंग्रजी, पण शब्द अस्सल मराठी. वकिलाच्या फ्लॉपीला 'फुकट चहा', स्वतःच्या हिशेबाला 'डोकेदुखी'.

त्या दुपारी दादा ऑपरेशनच्या टेबलावर होता. वहिनी दवाखान्यात, आणि धाकटी बहीण चिमी दुकानात, फोनपाशी. हात रिकामे राहिले की मनात नको नको ते येई, म्हणून ती फ्लॉप्यांना नावं देत बसली होती.

तिनं 'वकीलसाहेब' टाइप केलं. ड्राइव्ह घरघरला. पडद्यावर नाव उमटलं, 'घाबरू नको'.

आपलंच काहीतरी चुकलं असेल, म्हणून तिनं ते पुसून पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. तिनं फ्लॉपी बदलली. या खेपेला घरघर लांबली, कुणी कण्हत असल्यासारखी... तापलेल्या धुळीच्या वासात कुठूनसा स्पिरिटचा वास मिसळला.

'घाबरू नको'.

ती खुर्ची मागे सारून उठली.

"दादा...?" ती पुटपुटली. "तू आहेस?"

ड्राइव्हचा लाल दिवा विझला आणि फोन खणखणला. तिचा हात पुढे होईना. वाजून वाजून थांबेल असं वाटलं, तेव्हा कुठे तिनं रिसीव्हर उचलला.

"अगं चिमे, शुद्धीवर आला!" वहिनी रडतेय की हसतेय, कळेना. "मध्ये ठोके थांबले होते म्हणे... पण आता धोका टळला. विचारतोय, चिमीनं दुकान विकलं तर नाही ना!"

रिसीव्हर कवटाळून ती ढसाढसा रडली, मग एकटीच हसत सुटली.

महिनाभरानं दादा दुकानात आला. अंगानं वाळला होता, जीभ मात्र तशीच. चिमीनं सगळं सांगितलं, तेव्हा तो खो खो हसला.

"अगं, तिकडून परत आलो ना मी! मेलो असतो तरी अक्षरं मोजूनच मेलो असतो बघ!"

हसत हसतच त्यानं नवं खोकं फोडलं आणि एक कोरी फ्लॉपी आत सरकवली. नवं नाव विचारण्याआधी मशीन आधीचं नाव दाखवायचं. कोऱ्या फ्लॉपीला ते असायचंच नाही.

ड्राइव्ह बराच वेळ घरघरत राहिला.

"चिमे..." दादाचा आवाज एकदम खाली आला. "हे तू लिहिलंस?"

तिनं वाकून पाहिलं. हिरव्या अक्षरांत होतं, 'मी पण आलो'.