घरी चला

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी कुणाला पटवायला बसलेली नाही. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

गेल्या सप्टेंबरची गोष्ट. पितृपक्ष चालू होता. मी, माझा नवरा अनुप आणि सहा वर्षांची अक्षरा, आम्ही एडमंटनहून गाडी काढून ब्रिटिश कोलंबियातल्या एका सॅमनच्या नदीवर कॅम्पिंगला गेलो होतो. नदीचं नाव सांगणार नाही. उगाच कोणीतरी बघायला जायचं.

कॅम्पिंग हे आपलं नावाला.

सासरे आदल्या वर्षी वेंगुर्ल्याला वारले. त्यांचा व्हिसा आला होता, आमच्या बेसमेंटमधली खोलीसुद्धा तयार होती. गळ टाकून बसायचं त्यांना भारी वेड. ‘ती सॅमनची नदी एकदा दाखव रे,’ म्हणायचे. अनुप वेळेवर पोहोचला नाही. दहाव्याला कावळा शिवला नाही, शेवटी दर्भाचा कावळा करून भागवलं.

तेव्हापासून या माणसाला झोप नाही. गोळ्या झाल्या, डॉक्टर झाले. रात्रभर घरात येरझारा. मला भीती वाटायची, हा एक दिवस गाडी चालवताना डोळा लागून जाईल.

म्हणून त्याच्या बाबांच्या तिथीला ही नदी.

सकाळी अनुपच्या गळाला एक सॅमन लागला. मी कॅम्प स्टोव्हवर भात लावला, तुकड्या तळल्या. आमच्यात मासळीचं पान चालतं. अस्वलं येतात, उघड्यावर अन्न ठेवू नका अशी मोठी पाटी होती तिथे. मी बडबड केली, पण ऐकतोय कोण!

काठावर मेलेल्या सॅमनचा नुसता खच. अंडी घालून झाली की मरतात बिचारे. त्यावर डोमकावळ्यांची झुंबड, कान किटले होते कलकलाटाने.

अनुपने खडकावर पान ठेवलं...

आणि सगळे कावळे गप्प झाले.

उडाले नाहीत. नुसते बघत बसले.

अनुप हात जोडून एकेक शब्द द्यायला लागला. आईला इकडे घेऊन येईन. दरवर्षी गावी येईन. आपल्याकडे देतात तसाच.

एकही कावळा हलेना.

ऊन डोक्यावरून कललं. अक्षरा भुकेने रडकुंडीला आली. शेवटी अनुपच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

“घरी चला,” तो म्हणाला. “आमच्याकडेच राहा. कायमचे.”

तेव्हा एक कावळा आला...

झाडावरून नाही. पाण्याच्या बाजूने. चालत.

निथळत होता. त्याने एक तुकडी उचलली आणि बाकीचे कावळे एकदम उडून गेले. पार नदीपलीकडे.

अनुप लहान मुलासारखा रडला. मलाही बरं वाटलं, खोटं का बोलू?

परतीच्या वाटेवर गाडीत टिंग टिंग सुरू झालं. मागच्या सीटचा बेल्ट लावा, अशी सूचना.

अक्षराने बेल्ट लावला होता. तिच्या शेजारची सीट रिकामी होती.

मी मागे वळून पाहिलं. पोर दाराला चिकटून, अंग चोरून बसली होती. कुणाला तरी जागा द्यावी तशी.

अनुपने हात मागे नेऊन त्या रिकाम्या सीटचा बेल्ट लावला. टिंग टिंग थांबलं. “बाबा आलेत,” तो म्हणाला, आणि हसला. कितीतरी महिन्यांनी.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ, म्हणा हवं तर. पण मला तेव्हाच आठवलं... त्याने बाबांचं नाव घेतलंच नव्हतं. बोलावताना नाव आणि गोत्र घ्यायचं असतं. हा त्या नदीकाठी नुसतंच ‘घरी चला’ म्हणाला होता. ऐकणारं कोण होतं, कुणास ठाऊक.

त्या दिवसापासून अनुप गाढ झोपतो. गोळ्या बंद झाल्या. सकाळी बेसमेंटमध्ये चहा नेऊन ठेवतो, आणि कप रिकामा वर येतो. गादी रोज ओली असते. पाइप गळत असेल, असं त्याचं म्हणणं. प्लंबर येऊन बघून गेला. पाइप कोरडा ठणठणीत.

मी मनाशी म्हणत होते, असू दे. सासरेच असतील. नवरा तर वाचला ना!

परवा अक्षरा खालून वर आली. मी सहज विचारलं, आजोबांशी खेळत होतीस का? व्हिडिओ कॉलवर रोज त्यांच्याशी बोलणारी पोर ती. त्यांना मराठी आणि मालवणी सोडून तिसरी भाषा येत नव्हती, सगळ्या गोष्टी तिला तशाच सांगायचे.

तिने माझ्याकडे बघितलं.

“आई, दॅट्स नॉट आजोबा. ही डझन्ट नो एनी मराठी.”

मी हळूच विचारलं, मग तो काय बोलतो?

“ही वॉन्ट्स टु गो होम. बट बाबा सेड फॉरएव्हर.”

अनुप शेजारच्या खोलीत झोपला होता. शांत, तोंड उघडं टाकून. मी दार ओढून घेतलं. त्याला अजून काही सांगितलेलं नाही.